न भाजलेली स्प्रिंग

शिवकांते, त्या दिवशी दुपारी आपण कारखान्याच्या ओट्यावर बोल्ट ओवत बसलो होतो. तुझा पट्टी बांधलेला पाय समोरच्या स्टुलावर, मांडीवर परात, आणि एकेका बोल्टच्या गळ्याला तांब्याच्या तारेचा वेढा घालून तू माळ करून राहिली होतीस. जस्त चढवायच्या टाकीत माल असाच टांगावा लागतो. मी तार तोडून देत होतो, मधूनच एखादा वेढा घालत होतो. माझा पीळ सैल पडला की तू तो बोल्ट परत माझ्या अंगावर टाकायचीस.

"ह्याला पीळ म्हंत्यात का? टाकीत पडला म्हंजे काढायला तुमीच उतरा."

मी म्हणालो, "तू तुझं ओव की गप."

"गप बसायला मी मेले का काय?" म्हणालीस आणि हसलीस.

संध्याकाळी तुला थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात नेलं तर म्हणाले, पायातलं विष रक्तात गेलंय. तिथून तू घरी आलीस ती झाकूनच.

आता लोक भेटायला येतात. ओट्यावर बसतात, उसासा टाकतात, म्हणतात देवाचं बोलावणं आलं. मी त्यांना तोंडावर सांगतो, देवाचा ह्यात काही संबंध नाही. तिला पायात स्प्रिंग बसवायची होती, तिनं बसवून घेतली नाही, म्हणून मेली. लोक एकमेकांकडं बघतात. म्हातारं दुःखानं बिघडलं असं त्यांना वाटतं. वाटू दे. मी दुःखानं नाही, रागानं बोलून राहिलोय. आणि राग तुझ्यावर आहे.

तुला साखरेचा आजार, महानंदालाही साखरेचा आजार. आईकडून आला म्हणायच्या तुम्ही दोघी बहिणी, जणू पाटल्या आल्या. तुझ्या पायाच्या बोटाला जखम झाली, ती भरेना. थोड्या दिवसांनी महानंदाच्याही बोटाला झाली. तू जे करशील तेच ती करणार, हे तिच्या लहानपणापासूनचं. तुझं लुगडं जांभळं तर तिचं जांभळं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की आता इथं एक नाही, दोन पाय अडकलेत.

नांदेडात डॉक्टरांची अख्खी गल्ली आहे. पण तुला माहेराकडचाच डॉक्टर पाहिजे. "लातूरचा लई गुणाचा हाय म्हणं," तुझं एकच. गेलो लातूरला. उदगीरहून महानंदाही आली. डॉक्टर तरणा, पण खरंच गुणाचा निघाला. तुझी पट्टी त्यानं स्वतः सोडली, नाक मुरडलं नाही. भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, मांडीतली मोठी नस बुजलीय. खाली रक्तच जाईना तर जखम कशी भरणार? वाट मोकळी करू आणि आत स्प्रिंग बसवू, स्टेंट म्हणतात तिला. उशीर करू नका."

मग त्यानं खणातून नमुन्याची स्प्रिंग काढली. केसासारख्या बारीक तारांची जाळी, बोटभर नळी, चांदीसारखी लखलखीत. बर्फाच्या पाण्यात बुडवून त्यानं ती चिमट्यानं चपटी केली. चपटी ती चपटीच राहिली. "हात करा," म्हणाला. तुझ्या तळहातावर ठेवली. आणि तुझ्या हाताची ऊब लागली तशी ती हळूहळू उमलली, पुन्हा गोल झाली, जशीच्या तशी.

महानंदा म्हणाली, "अग्गबाई, जित्ती हाय का काय?"

डॉक्टर हसला. म्हणाला, "ह्या धातूला आपला आकार आठवतो. कसाही दाबा, अंगाची गर्मी मिळाली की परत तसाच होतो."

मी खुळ्यासारखा बघतच राहिलो. सगळी उमर निकेल, जस्त आणि तेजाबात गेली माझी, असला धातू बघितला नव्हता. माझ्या मनात आलं, झालं, बाई वाचली.

तू मात्र ती स्प्रिंग डोळ्यांजवळ नेलीस. कारखान्यात गिऱ्हाइकाचा माल बघायचीस तशी उजेडाकडं धरून फिरवलीस. आणि विचारलंस, "ही चकाकी कशानं आली?"

"पॉलिश करतात मावशी. इलेक्ट्रोपॉलिश. गुळगुळीत असली म्हणजे रक्त अडकत नाही."

"म्हंजे तेजाबात बुडवून करंट द्यायचा?"

"हो, तसंच."

"मग नंतर भट्टीत भाजली का?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. गाडी कुठं निघाली ते मला कळलं होतं.

कळलं, कारण हदगावच्या त्या पेरणी यंत्राच्या वेळी मी तुझ्या शेजारीच उभा होतो. तो माणूस यंत्राच्या स्प्रिंगा जस्त चढवायला घेऊन आला होता. आपण तेजाबात धुतल्या, जस्त चढवलं, आणि भट्टी पेटवायच्या वेळेला लाईट गेली. तू त्याला सांगितलंस, भाऊ, आज नेऊ नका, कडक पोलाद हाय, तेजाबातली हवा आत शिरलेली हाय, भट्टीत भाजून ती काढावी लागती. तो म्हणाला, पेरणी तुमच्या भट्टीसाठी थांबणार का? आणि घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी यंत्र ट्रॉलीवर टाकून परत आला, आपल्या दारात उभं केलं, आणि आईबहिणीवरून सुरू झाला. दोन स्प्रिंगा तुटल्या म्हणून. तू त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. यंत्राला कुणी हात लावलेला नाही, वारं नाही, काही नाही, आणि खाडकन तिसरी तुटली. तुकडा तुझ्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यात घुसला. त्या माणसाचं तोंड उघडंच राहिलं. शिवी अर्धीच राहिली त्याची.

त्या हवेला हायड्रोजन म्हणतात, हे आपल्याला केमिकलवाल्यानं सांगितलं. तुला ते नाव आवडलं नाही. तू तिला चोरटी हवा म्हणायचीस. "दिसत न्हाई, वास न्हाई, पोलादात जाऊन बसती आन् सवडीनं मारती." त्यानंतर तू काय काय भाजलंस! स्प्रिंगा भाजल्यास ते बरोबर. पण साधे मऊ खिळे भाजलेस, दाराची कडी भाजलीस. नांदेडात भाजलेली कडी फक्त आपल्याच दाराला असेल. मी म्हणायचो, आता मलाही भाज एकदा. तू म्हणायचीस, "तुमी आधीच कडक, तुमाला लई वेळ लागंल."

त्या भाजण्यानं आपल्या मालाचं नाव झालं. मुदखेड, उमरीकडची गिऱ्हाइकं आपल्याकडंच यायची ती तुझ्या धाकानं. लाईट गेली तर माल दारातून हलू द्यायची नाहीस, मग समोर कुणी का असेना. हे मी तुला कधी म्हणालो नाही. तुला कशाला म्हणायचं, तू हवेत गेली असतीस. आता म्हणून राहिलोय तर ऐकायला तू नाहीस.

पण त्याच भाजण्यानं तुला मारलं, शिवकांते. हे गिळवत नाही मला.

डॉक्टर सरळ माणूस. फुशारकी मारली नाही. म्हणाला, "भाजतात की नाही, मला माहीत नाही मावशी. कंपनीला विचारून सांगतो. पण ह्या स्प्रिंगा बसवून लोक चालतात, हे मी रोज बघतो." आणि तू त्याला काय म्हणालीस? "मग आसं करा, ती माझ्याकडं द्या. मी नांदेडला नेते, भट्टीत भाजते आन् परत आणून देते. मग बसवा."

बिचारा हसला नाही. म्हणाला, "मावशी, ती बंद पाकिटात येते, निर्जंतुक केलेली. पाकीट फोडलं की तिथंच बसवावी लागते."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणालीस आणि उठलीस. महानंदाही उठली. तिला तर अजून तपासलंही नव्हतं.

बाहेर जिन्यात मी म्हणालो, "अगं, ते काय पेरणी यंत्र हाय का?" तू म्हणालीस, "पोलाद ते पोलाद." मी म्हणालो, "पोलाद न्हाईच ते, दुसराच धातू हाय." तू म्हणालीस, "तेजाब तर तेच हाय ना?"

घरी आल्यावर मी पॉलिशची टाकी लावली, आठवतं? स्टीलचा चमचा प्लसच्या तारेला टांगला, समोर मायनसला शिशाचा पत्रा. करंट सोडला. तुला म्हणालो, बघ नीट. बुडबुडे कुठं उठून राहिलेत? पत्र्यावर. चमच्यावर बघ, जवळजवळ काही नाही. जस्त चढवताना माल मायनसला असतो, म्हणून चोरटी हवा मालात शिरते. पॉलिशला माल प्लसला असतो. हवा समोरच्या पत्र्यावर निघते, मालात नाही. हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं, तरी मी दाखवलं.

तू टाकीवर वाकून बघितलंस. मला वाटलं, पटलं. मग म्हणालीस, "पॉलिशचं ठीक हाय. त्याच्या आधीचं काय? भट्टीत घडवून काळी पडलेली तार, तिचं काळं काढायला आधी तेजाबात बुडवतच असतील की. तिथं कुठला आलाय प्लस?"

चमचा काढला, पुसला, खिशात टाकला. अजून कोटाच्या खिशात आहे तो.

डॉक्टरनं खरंच कंपनीला विचारलं. मला फोन केला. म्हणाला, अशी नंतर भाजत नाहीत, भाजली तर तिची आठवण बिघडू शकते. पण आम्लाचं काम थोडक्यात उरकतात, आणि माल पुन्हा पुन्हा दाबून तपासतात. मी फोन ठेवला आणि धावत येऊन तुला सांगितलं. म्हटलं, बघ, तपासतात. तू भाकरी थापून राहिली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुटत नसती तर तपासली कशाला असती?"

सांग मला, असल्या बाईला माणसानं काय करावं? लोक म्हणतात, उचलून न्यायचं होतं. तू काय उचलून नेण्यातली होतीस का? आणि माणूस काय बोल्ट आहे, तारेला बांधून टाकीत सोडायला?

तुझं म्हणणं खोटं होतं, असं मी आजही म्हणत नाही. हाच माझा राग आहे. साफ खोटं असतं तर तुला शिव्या घालून मोकळा झालो असतो. असेलही चोरटी हवा त्या तारेत. तुटलीही असती ती, वर्षानं, दोन वर्षांनी. मग? दुसरी बसवली असती. न बसवलेला पाय सडला तर दुसरा पाय कुठून आणायचा? तुला सगळं माहीत होतं, फक्त एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही. बोल्ट थांबू शकतो. लाईट येईपर्यंत, भट्टी तापेपर्यंत, गिऱ्हाईक बोंबललं तरी बोल्ट आपल्या दारात पडून राहतो, त्याचं काही वाईट होत नाही. तुझं बोट थांबणार नव्हतं. ते काळं पडून राहिलं होतं आणि तू आपली म्हणून राहिलीस, घाई नको.

तुझा वास अजून घरात आहे. खोबरेल तेलाचा आणि तेजाबाचा, दोन्ही एकत्र. माझ्या हातावर तेजाब उडालं की तू आधी धावत पाण्याखाली हात धरायचीस, भरपूर पाणी सोडायचीस, मग तेल लावायचीस, आणि सगळा वेळ शिव्या द्यायचीस. असं मला आता कोण बोलणार? जे येतात ते सगळे गोड बोलतात.

मातीच्या वेळेचं सांगतो, कारण ते तू बघितलं नाहीस. आपल्या लिंगायतांत बसवून पुरतात. विभूती लावली, लिंग हातात दिलं. खड्ड्यात तुला धरायला मी उतरलो, नको नको म्हणत होते तरी उतरलो. एक पाय मुडपला. दुखरा पाय मुडपेना. सुजून लाकडासारखा झाला होता. एक दोघांनी जोर लावायला हात घातला, मी त्यांचे हात झटकले. मठाचे स्वामी वरून म्हणाले, "असू द्या, जसा बसतो तसा बसवा." म्हणून तू तिथं एक पाय पुढं करून बसलीस. जशी ओट्यावर बसायचीस, तशीच.

वर आलो तर महानंदा कडेला उभी. रडून डोळे सुजलेले. तिच्या एका पायात चप्पल, दुसऱ्याला फडकं. आणि फडक्याच्या बाहेर बोटाचं टोक दिसत होतं. तो रंग मला ओळखीचा होता.

त्या दिवशी घरभर माणसं. बायका तिला म्हणाल्या, महानंदा, तू तरी आता लातूरला जाऊन ये. तर ती म्हणाली, "न्हाई बाई. अक्कानं सांगितलंय, ती स्प्रिंग आतल्या आत तुटती." बायकांनी माना डोलवल्या. हो का, तुटते का, अगं बाई. शिवकांते, तू जाऊन एक दिवस झाला नव्हता आणि तुझं बोलणं घरातून गल्लीत निघालं होतं. कारखान्यातून तू एक बोल्ट न भाजता बाहेर जाऊ दिला नाहीस. आणि हे असलं बोलणं मात्र तसंच सोडून गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धोतर बदललं आणि चौकातून एक जीप ठरवून आणली. महानंदा अंगणात तोंड धूत होती. मी म्हणालो, "चल, लातूरला जायचंय."

"आज? दाजी, आज लोकं येतील की भेटायला."

"येऊ दे. दार उघडं हाय. बसतील आन् जातील."

"अक्का काय म्हणंल?"

"अक्का काय म्हणती ते मी लई ऐकलं. आता तू माझं ऐक."

आतून कुणीतरी बाई म्हणाली, म्हाताऱ्याला काही रीतभात? बायको जाऊन एक रात्र झाली आणि हा गाडी घेऊन निघाला. मी म्हणालो, तुम्ही चहा करून घ्या, साखर डब्यात आहे.

महानंदा हलेना. तोंडाला पदर लावून म्हणाली, "मी न्हाई बसवणार दाजी. अक्का तुमच्यासंगं एवढी वर्षं त्या कामात होती. तिला कळत न्हवतं का?"

"कळत होतं," मी म्हणालो. "तुझ्या अक्काला माझ्याहून जास्त कळत होतं."

"मग?"

"मग काय? काल खड्ड्यात तिचा पाय कुणी धरला होता? मी धरला होता. तुझा धरायला मी उतरणार न्हाई, आताच सांगून ठेवतो."

ती रडायला लागली. मी रडू दिलं. जीपवाला हॉर्न वाजवून राहिला, त्याला हातानं थांब म्हणालो. मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं, सरळ, अगदी तू गिऱ्हाइकाकडं बघायचीस तसं.

"दाजी, खरं सांगा. ती तुटणार न्हाई ना?"

खोटं बोलायला काय लागत होतं? तुझी शपथ घेऊन सांगितलं असतं तर तिनं मान्य केलं असतं. पण तू उभं आयुष्य मला मालाबद्दल एक खोटा शब्द बोलू दिला नाहीस.

"म्हाईत न्हाई," मी म्हणालो. "बस गाडीत."

ती बसली.